गावाला जाताय? बाल्कनीतल्या झाडांच्या पाण्याची सोय अशी करा

मे महिन्यात मुलांची सुट्टी, गावाकडचं एखादं लग्न आणि आंबे, असं सगळं एकत्र आलं की घर दहा-बारा दिवस बंद राहतं. आणि नेमके हेच दिवस कुंडीतल्या झाडांना सगळ्यात कठीण जातात. आमचा फ्लॅट पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेकडे, म्हणजे दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत सरळ ऊन. कुंड्या सव्वीस. पहिल्यांदा कुडाळला ११ दिवस गेले तेव्हा कुठेतरी बघून सगळ्या कुंड्यांत पाण्याच्या बाटल्या उलट्या खुपसून गेले होते. परत आले तर मोगरा कडकडीत वाळलेला, आणि आईने माहेरून दिलेल्या तुळशीच्या नुसत्या काड्या. बाटल्या बहुतेक पहिल्याच रात्री रिकाम्या झाल्या असणार. पुढच्या वर्षी एका ओळखीच्या मुलाला रोज पाणी घालायला सांगितलं, त्याने बिचाऱ्याने इमानदारीत रोज सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी घातलं, आणि तेव्हा कोरफड, जेड आणि स्नेक प्लांट मुळापासून कुजले.

त्यानंतर दर सुट्टीच्या आधी थोडं मोजून-मापून करायला लागले आणि आता सहा वर्षं झाली, एखाद-दुसरं पुदिन्याचं रोप सोडलं तर काही गेलेलं नाही. सगळे "पाणी कसं पोचवायचं" इथून सुरुवात करतात, पण आधी झाडाची तहान कमी करायची आणि मग पाण्याची सोय बघायची, या क्रमाने गेलात तर निम्मं काम तिथेच होतं. खाली तेच सविस्तर लिहिलंय.

आधी सामान जमवा

सगळं लागेलच असं नाही, वाचून झाल्यावर तुमच्यापुरतं ठरवा.

- सामान तोलायचा हातातला डिजिटल काटा (प्रवासाची बॅग तोलायला मिळतो तो) किंवा किचनमधला वजनकाटा
- परकराची सुती नाडी किंवा जाड सुती दोरी, ५-६ मीटर
- संक्रांतीची सुगडं, रंग न दिलेली, आणि झाकायला पणत्या
- मेडिकलमधून नवीन सलाईन सेट, मोठ्या कुंड्यांसाठी
- ५ लिटरचे पाण्याचे कॅन, झाकणवाल्या बालद्या
- एम-सील
- हिरवी शेडनेट, ५० टक्केवाली (म्हणजे अर्धं ऊन अडवणारी)
- सुका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)
- लाल, पिवळी, हिरवी रिबीन किंवा रंगीत चिकटपट्टी
- जुनी सुती ओढणी किंवा धोतराचा तुकडा, पाणी गाळायला आणि झाकायला

## १. पंधरा दिवस आधी: कोणतं झाड किती पाणी पितं ते मोजा

ही पायरी बहुतेक लोक करतच नाहीत, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी घाला, खालून निथळून जाऊ द्या, अर्ध्या तासाने कुंडी तोला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मधे पाणी न घालता परत तोला. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे मिलीलिटर पाणी त्या झाडाला दिवसाला लागतं. एक ग्रॅम म्हणजे एक मिली, हिशोब सोपा आहे. हातातल्या काट्याने तोलताना कुंडी मजबूत कापडी पिशवीत ठेवून पिशवी काट्याला अडकवायची. १२ इंचाच्या वरच्या कुंड्या उचलायच्या फंदात पडू नका, कंबर धरते, त्यांच्यासाठी बोट दोन पेरं मातीत घालून किती दिवसांनी कोरडं लागतं ते बघा.

माझ्याकडे एप्रिलच्या शेवटी उन्हातल्या १० इंची मातीच्या कुंडीतला मोगरा दिवसाला जवळजवळ ६०० मिली प्यायला. ८ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीतली मिरची २५० मिली. कोरफड जेमतेम ३० मिली. तुमच्याकडे आकडे वेगळे येतील, मुंबईत हवा दमट असते त्यामुळे माती हळू वाळते, आणि नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तिथे यापेक्षा बरंच जास्त लागेल. म्हणून दुसऱ्याचे आकडे घेऊ नका, माझेही नको.

मातीची कुंडी चारही बाजूंनी पाणी सोडते, प्लॅस्टिकची किंवा चकाकी असलेली सिरॅमिकची सोडत नाही. एरवी मातीची कुंडी मुळांना चांगली, पण सुट्टीत तीच आधी वाळते. तेव्हा सारख्या आकाराच्या दोन कुंड्या असतील तर मातीच्या कुंडीची काळजी आधी करा.

## २. झाडांचे तीन गट करा

लाल रिबीन: रोज पाणी मागणारी. मोगरा, गुलाब, जास्वंद, तुळस, पुदिना, मिरची, टोमॅटो, फर्न, पीस लिली, लहान रोपं, आणि लटकत्या टोपल्यांतलं काहीही.

पिवळी रिबीन: तीन-चार दिवस थांबणारी. कढीपत्ता, मनीप्लांट, क्रोटन, गोकर्ण, मोठ्या कुंडीतली सदाफुली, एरिका पाम.

हिरवी रिबीन: दोन आठवडे पाणी नाही मिळालं तरी चालणारी. कोरफड, जेड, स्नेक प्लांट, झीझी, अडेनियम, निवडुंग.

हिरव्या गटाला निघायच्या आधी एकदा पाणी घालायचं आणि विसरून जायचं. त्यांना नाडी, बाटली, सलाईन काहीही लावू नका. "असू दे थोडंसं" म्हणून लावलं की ती कुजतात, मी गमावलेल्या झाडांत अशी कुजलेलीच जास्त आहेत. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, पाणी त्यात साठलेलं असतं, ते झाड तुमच्याशिवाय आरामात राहतं.

आता मोजा, लाल गटात किती कुंड्या आल्या. माझ्या सव्वीसपैकी नऊच निघाल्या. सोय फक्त या नऊची नीट करायची होती आणि मी आधी सव्वीसही कुंड्यांच्या मागे धावत होते.

## ३. तहान कमी करा

ही कामं आठ दिवस आधी सुरू करा (खत मात्र दोन आठवडे आधीच बंद), आदल्या रात्री नको.

सावलीत हलवा. मोगऱ्याची तीच कुंडी बाल्कनीच्या आतल्या भिंतीला सरकवून आणि बाहेरून शेडनेट लावून तोलली तर ६०० चे २८० मिली झाले. निम्म्याहून कमी! एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने पडत नाही. ऊन लागणारी झाडंसुद्धा दहा-बारा दिवस सावलीत राहिली तर मरत नाहीत, फार तर फुलं येत नाहीत आणि थोडी पानं पिवळी पडतात. मात्र एकदम काळोख नको, पडदे लावून बंद केलेल्या बेडरूममध्ये तुळस ठेवली तर पाणी असूनही ती गळेल.

एकत्र दाटीने ठेवा. पानांमधून निघालेली वाफ आजूबाजूला राहते, आणि कुंड्यांच्या बाजूंना वारा-ऊन लागत नाही. मोठ्या कुंड्या बाहेरच्या बाजूला, छोट्या मधे. पण दाटी करायच्या आधी पानांच्या खालची बाजू बघून घ्या, मावा, पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळी असेल तर दहा दिवसांत सगळ्या झाडांवर पसरतो. पिठ्या ढेकूण कापसासारखा पांढरा दिसतो. मी एक लिटर पाण्यात ५ मिली निमतेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारते, चार दिवसांनी परत एकदा.

आच्छादन घाला. मातीवर दोन इंच सुका पाला, नारळाच्या शेंड्या किंवा जाड कोकोपीट. रसवंतीवरून उसाचं चिपाड आणणार असाल तर आधी धुवून कडक वाळवा, ओलं गोड चिपाड टाकलं की मुंग्यांची रांग लागते. आच्छादन बुंध्याला टेकवू नका, दोन बोटं जागा सोडा.

छाटणी. वाळकी पानं, उमललेली फुलं, कळ्या, पिकत आलेली मिरची-टोमॅटो काढून घ्या. गुलाब आणि तुळशीचे लांब शेंडे कापा. जितकी पानं कमी तितकं पाणी कमी. जीव होत नाही हे माहितीये, मोगऱ्याच्या कळ्या काढताना मलाही वाईट वाटतं, पण तुम्ही नसताना त्या उमलून गळूनच जाणार आहेत.

खत बंद. निघायच्या आधीच्या दोन आठवड्यांत शेणखत, कंपोस्ट, डीएपी काही नको. खताने कोवळी पालवी फुटते आणि कोवळ्या पालवीला पाणी जास्त लागतं, तीच आधी माना टाकते.

रिपॉटिंगही याच काळात करू नका. नवीन कुंडीत मुळं बसायला वेळ लागतो.

## ४. लाल गटासाठी पाण्याची सोय

मी चार-पाच पद्धती करून बघितल्यात. ज्या खरंच चालतात त्या आधी सांगते.

सुती नाडीची वात. लहान-मध्यम कुंड्यांसाठी माझी सगळ्यात आवडती. समईत वात जशी तेल वर ओढते तशीच ही नाडी बालदीतलं पाणी ओढून मातीत सोडते, आणि माती ओली असली की आपोआप कमी सोडते. नाडीचं एक टोक बालदीच्या तळापर्यंत, दुसरं टोक कुंडीत बोटाने खड्डा करून तीन इंच खोल पुरायचं आणि वरून माती दाबायची.

इथे चुका होतात त्या अशा. नवीन नाडीला खळ असते, ती पाणी ओढतच नाही, म्हणून आधी गरम पाण्यात साबण घालून दोनदा धुवा आणि लावताना पूर्ण ओली करून लावा. बालदीतलं पाणी कुंडीच्या मातीपेक्षा उंच नको. उंच ठेवली की नाडीतून पाणी सरळ खाली वाहायला लागतं, रात्रीत बालदी रिकामी आणि फरशीवर तळं. खूप खालीही नको, नाडी पाणी वीतभर नीट चढवते, त्यापुढे दमते. बालदी कुंडीच्या बाजूला त्याच पातळीवर किंवा किंचित खाली ठेवा. सुतळी वापरू नका, ती आठवड्याभरात कुजायला लागते. आणि बालदी ते कुंडी हे अंतर कमी ठेवा, नाडी उघड्यावर लांब राहिली तर वाऱ्याने मधेच वाळते. मी ते मधलं अंतर जुन्या स्ट्रॉमध्ये घालते.

माझ्याकडे एक नाडी दिवसाला १०० ते १५० मिली ओढते. मिरचीला सावलीत साधारण तेवढंच लागतं. जास्त लागणाऱ्या कुंडीला दोन नाड्या लावा. एका १० लिटरच्या बालदीभोवती चार-पाच कुंड्या गोल मांडता येतात, आणि दिवसाला पाऊण लिटर ओढलं गेलं तरी बारा दिवस निघतात.

सुगड पुरायचं. संक्रांतीची सुगडं पुजून झाल्यावर टाकून देऊ नका. बिनरंगाचं, बिनचकाकीचं सुगड कुंडीत गळ्यापर्यंत पुरलं आणि पाण्याने भरलं की मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी हळूहळू झिरपतं आणि मुळं त्याच्याभोवती जमतात. आपल्याकडे आणि गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागात मडकी पुरून फळझाडं जगवायची पद्धत जुनीच आहे, त्याचंच हे छोटं रूप. आधी सुगड पाण्याने भरून कोरड्या कागदावर ठेवा, दोन-तीन तासांत बाहेरून ओलसर लागलं तर चांगलं, अजिबात ओलं झालं नाही तर ते कामाचं नाही, आणि कागदावर थारोळं झालं तर चीर गेलेली आहे.

यात अडचण अशी की सुगडात पाणी कमी मावतं, तीन-चार दिवसांत संपतं. म्हणून नुसत्या सुगडावर बारा दिवस काढू नका. लांब वीकेंडला चार दिवस जायचं असेल तर मात्र याच्यासारखं सोपं काही नाही, आणि शेजारी कोणी तीन दिवसांनी येऊन भरणार असेल तरीही उत्तम, कारण सुगड भरायला सांगितलं की जास्त पाणी घालायचा प्रश्नच येत नाही. वर पणती उपडी घाला. पुरायचं काम पंधरा दिवस आधी करा म्हणजे उकरताना तुटलेली मुळं सावरतात.

सलाईन सेट. मोगरा, जास्वंद, कढीपत्त्याचं मोठं झाड यांना नाडी पुरत नाही, त्यांना सलाईन सेट. मेडिकलमधून नवीन पॅकबंद घ्या, दवाखान्यातला वापरलेला कोणी दिला तरी अजिबात नको. ५ लिटरच्या कॅनला तळापासून एक इंच वर तापवलेल्या खिळ्याने भोक पाडा, सेटच्या टोकदार तोंडापेक्षा किंचित लहान, तोंड दाबून बसवा आणि भोवती एम-सील लावून रात्रभर सुकू द्या. कॅन स्टुलावर, कुंडी खाली. कॅनचं झाकण सैल ठेवा, हवा आत गेली नाही तर थेंब थांबतात.

आता थेंबांचा हिशोब. साध्या सेटच्या पाकिटावर एका मिलीला २० थेंब असं लिहिलेलं असतं, तुमच्या पाकिटावर बघून घ्या. मिनिटाला ५ थेंब म्हणजे तासाला १५ मिली, म्हणजे दिवसाला ३६० मिली. मोगऱ्याला सावलीत २८० लागत होते, तर ५ थेंब भरपूर झाले. थेंबांच्या नळकांड्यात निम्मं पाणी ठेवा म्हणजे थेंब पडताना दिसतात, आणि घड्याळ लावून नळीवरची थेंब कमी-जास्त करायची चाकी हळूहळू फिरवा. कॅनमधलं पाणी कमी झालं की दाबही कमी होतो आणि थेंब मंदावतात, म्हणून कॅन अर्धा भरलेला असताना चाकी लावा, मग वरपर्यंत भरा, सरासरी बरोबर येते. स्टूल जितकं उंच तितका हा फरक कमी पडतो.

पाणी कापडाने गाळूनच भरा, बारीक कचऱ्याने सेट तुंबतो. कॅन काळ्या कापडाने किंवा वर्तमानपत्राने गुंडाळा, उजेड लागला की आत शेवाळ धरतं आणि तेही अडकतं. नळी उन्हात लोंबकळत ठेवू नका.

उलटी बाटली. माझी तुळस यातच गेली, त्यामुळे सावधपणे सांगते. ही पद्धत चालते, पण फक्त दाबलेल्या ओल्या मातीत. कारण असं की बाटलीच्या तोंडाशी ओली माती असेल तर हवा आत जात नाही आणि पाणी अडून राहतं, माती वाळली की हवेचा बुडबुडा आत जातो आणि थोडं पाणी बाहेर येतं. भुसभुशीत कोकोपीटमध्ये हवा सारखी आत जाते आणि लिटरभर पाणी तासाभरात संपतं. काही जण बाटलीच्या बुडाला वरून भोक पाडतात, मग तर अडण्याचा प्रश्नच नाही, सगळं खाली. करायचंच असेल तर बूड शाबूत ठेवा, झाकणाला सुईने एकच भोक, आणि माती आधी भरपूर भिजवून मग बाटली खुपसा. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त भरवसा ठेवू नका.

नळाचा टायमर आणि ड्रिप. वर्षातून दोन-तीनदा बाहेर जात असाल आणि बाल्कनीत नळ असेल तर ड्रिपचा खर्च करा, रोजच्यालाही उपयोगी पडतो. १६ मिमीची मुख्य नळी, त्यातून ४ मिमीच्या बारीक नळ्या, टोकाला तासाला २ लिटर सोडणारे ड्रिपर, आणि नळावर बॅटरीचा टायमर. सकाळी ६ ला १० मिनिटं म्हणजे दर ड्रिपरला साधारण ३३० मिली.

घेताना एक गोष्ट नक्की विचारा. काही टायमरना पाण्याला ठराविक दाब लागतो, आणि गच्चीवरच्या टाकीपासून तुमचा नळ १० मीटर खाली असेल तेव्हा जेमतेम १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर शून्य दाबावर चालणारा, आत बॉल व्हॉल्व्ह असलेला टायमर घ्या. नाहीतर नळ उघडा असून पाणी येत नाही किंवा व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. कमी दाबाला ड्रिपरही ठरलेल्यापेक्षा कमी पाणी सोडतो, म्हणून प्रत्येक ड्रिपरखाली कप ठेवून एकदा मोजाच. बॅटऱ्या नवीन टाका. पालिकेच्या थेट लाईनवर टायमर लावू नका, पाणी कधी येईल सांगता येत नाही, पुण्यात तर कितीतरी गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं. टाकीच्या लाईनवर लावा. आणि नळाचा जोड सुटला तर खालच्यांच्या घरात पाणी जाईल, त्यामुळे बाल्कनीची जाळी साफ आहे ना, पाणी वाहून जातंय ना, हे बघितल्याशिवाय घर सोडू नका.

पाणी धरून ठेवणारे हायड्रोजेलचे दाणेही मिळतात, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने शेतीसाठी पुसा हायड्रोजेल काढलंय. त्याने पाणी पुरवून पुरवून वापरलं जातं, पण तेवढ्यावर अवलंबून राहू नका, आणि पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त घालू नका, दाणे फुगून माती वर येते.

## ५. अठ्ठेचाळीस तास रंगीत तालीम

जे काही लावलंय ते सगळं निघायच्या आठवडाभर आधी लावून दोन दिवस तसंच ठेवा, हातही लावू नका. जणू तुम्ही घरात नाहीच. दोन दिवसांनी बघा: बालदीतलं पाणी किती उतरलं, माती दोन पेरं खोल ओली आहे का, कुंडीखाली पाणी साठलंय का, सलाईनचे थेंब तेवढेच आहेत का. दोन दिवसांत जेवढं पाणी गेलं त्याला सहाने गुणा, बारा दिवसांचा आकडा मिळतो, आणि त्यात दोन दिवसांचं जास्तीचं धरा कारण गावाहून निघणं कधीच ठरल्या दिवशी होत नाही.

माझ्या पहिल्या तालमीत नऊपैकी तीन नाड्या कोरड्या निघाल्या, दोन खळीमुळे आणि एक उंदराने कुरतडल्यामुळे. हे घरी असताना कळलं म्हणून झाडं वाचली.

## ६. शेजाऱ्यांना सांगताना

यंत्र काहीही लावा, माणसाने मधे एकदा डोकावणं याला तोड नाही. बारा दिवसांत रोज नको, चौथ्या आणि आठव्या दिवशी दोनच चकरा पुरतात, आणि दोनच चकरा म्हटल्यावर कोणी नाहीही म्हणत नाही. आमच्या समोरच्या काकू येतात. त्यांना मी एवढंच सांगते: "काकू, लाल रिबीनवाल्यांना हा मग एकेक, पिवळ्यांना अर्धा, हिरव्यांना हातच लावू नका. आणि बालद्या या रेघेपर्यंत भरा." तो मगही तिथेच ठेवते, बालदीवर मार्करने रेघ मारून ठेवते. तोंडी सांगून लांबलचक यादी देऊ नका, कुणाच्या लक्षात राहत नाही. निघायच्या आधी एकदा त्यांना समोर उभं करून दाखवा.

ज्यांना घराची किल्ली द्यायची नसेल त्यांनी लाल गटातल्या कुंड्या जिन्याच्या उजेडाच्या कोपऱ्यात किंवा शेजाऱ्यांच्याच बाल्कनीत नेऊन ठेवायचा पर्याय आहे. जिन्यात ठेवणार असाल तर सोसायटीला विचारा आणि ये-जा अडवू नका. येताना काकूंना आमसुलं, कोकम सरबत आणि आंब्याची पेटी.

## ७. डासांचं विसरू नका

हे वेगळं लिहितेय कारण पाणी साठवायच्या नादात इथे दुर्लक्ष होतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे तुमच्या सुट्टीएवढेच. पालिकेचे लोक तपासणीला येतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस देतात. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा. "ताटलीत पाणी भरून जाते, तेवढंच झाडाला" असं करू नका, मुळंही कुजतात आणि डासही होतात. बालद्यांना झाकण हवंच, झाकणाला नाडीपुरतंच भोक, किंवा जाड कापड ताणून दोरीने बांधा. सुगडावर पणती, कॅनच्या तोंडावर कापड.

## ८. निघायच्या आदल्या दिवशी आणि सकाळी

संध्याकाळी लाल-पिवळ्या कुंड्यांना पाणी घाला, सकाळी परत एकदा. एकाच वेळी दुप्पट घातलं तर ते खालून निघून जातं, दोन वेळा घातलं की माती आतपर्यंत भिजते. ज्या कुंडीत पाणी ओतलं की लगेच कडेने खाली येतं तिची माती आतून कोरडी आहे असं समजा, ती बालदीत अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

घरातल्या फर्न, पीस लिली वगैरे खिडकी असलेल्या बाथरूममध्ये ओल्या टॉवेलवर ठेवता येतात, तिथे हवा दमट राहते. प्लॅस्टिकची पिशवी घालून झाडं झाकायचा उपाय सावलीतल्या लहान रोपांनाच करा, पिशवीवर ऊन आलं तर झाड आत शिजतं.

सगळं बघून झालं की बाल्कनीचे चार फोटो काढा, परत आल्यावर काय बदललं ते कळतं आणि पुढच्या वर्षीची मांडणी आयती मिळते.

गणपतीला कोकणात जाणार असाल तर गोष्ट उलटी असते. पावसात पाणी जास्त व्हायची भीती, म्हणून कुंडीच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा, हिरवा गट पाऊस लागणार नाही असा आत घ्या, आणि टायमर बंद. दिवाळीला मात्र ऑक्टोबरची उष्णता धरूनच हिशोब करा, थंडी पडली असेल असं समजू नका.

## ९. परत आल्यावर

बॅगा खाली ठेवल्या की लगेच झाडं उन्हात सरकवू नका. बारा दिवस सावलीत राहिलेली पानं थेट उन्हात करपतात, आधी दोन-तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू जुन्या जागी.

एखादं झाड वाळलेलं दिसलं तर उपटू नका. फांदी नखाने जरा खरवडा, खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. कुंडी अर्धा तास बुडवा, वाळकी टोकं हिरव्यापर्यंत कापा, सावलीत ठेवा, आणि नवीन पालवी दिसेपर्यंत खत नको. कुडाळहून आल्यावर मी मोगरा जवळजवळ टाकूनच देणार होते, सासूबाईंनी खरवडून बघायला लावलं, तीन आठवड्यांनी बुंध्यातून फुटवा आला, आणि तोच मोगरा आज बाल्कनीत सगळ्यात मोठा आहे. पानं मऊ पडून बुंधा काळा-ओला झाला असेल आणि वास येत असेल तर ते जास्तीच्या पाण्याने गेलंय, त्याला आणखी पाणी घालू नका, कुंडीतून काढा, कुजलेली मुळं कापा, कोरड्या मातीत लावा, स्नेक प्लांटची चांगली पानं कापून परत लावली तरी जगतात.

नाड्या साबणाने धुवून वाळवून ठेवा. सलाईनचे सेट पाणी काढून, चाकी मोकळी करून ठेवा. सुगडं कुंडीतून काढणार असाल तर काथ्याने घासून दोन दिवस उन्हात घाला, साबण लावू नका, छिद्रं बुजतात. पांढरे क्षार धरले असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून रात्रभर भिजवा आणि सकाळी साध्या पाण्याने दोनदा धुवा.